घेऊन जा गे मारबत

माझी गाडी बारा वर्षांची आहे आणि तिच्या अंगावर एक ओरखडा नाही, हे मी पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतो. गिअर अलगद, क्लच अलगद, आणि तो आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटातल्या फेऱ्यांचा, काटा दोन हजाराच्या पुढे सरकला तर मला चोरी केल्यासारखं वाटतं. हिच्या हातात गाडी गेली की मात्र ती दामटते. दुसरा गिअर पार कोकलल्याशिवाय तिसरा पडत नाही. यावरून आमच्यात जेवढे वाद झाले, तेवढे सासूबाईंवरूनही झाले नसतील.

एका सकाळी वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढताना इंजिनातून आवाज यायला लागला. कढईत फुटाणे फुटावेत तसा. तडतड, तडतड. हा पूल ३.१४ किलोमीटरचा, वर मेट्रो, गिनीज बुकात नोंद. आणि त्याच्या चढावर माझी गाडी आजारी म्हशीसारखी. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वाढे, वेग नाही. बाजूनं जाणाऱ्या ऑटोवाल्यानं मान बाहेर काढली. ‘‘काका, ढकलू का?’’

संध्याकाळी पानठेल्यावर विषय काढण्याची चूक केली. नागपुरात गाडीच्या दुखण्यावर सल्ला द्यायला गाडी असावी लागत नाही. एक म्हणाला, इंजिनात काजळी साचली असेल, हायड्रोजन मारून घ्या. दुसरा म्हणाला, पेट्रोलच्या टाकीत बाटली ओता अन् विसरून जा. तिसरा म्हणाला, अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबानं मारतात. त्याला मी हसलो. नंतर कळलं, तोच खरं बोलत होता. ज्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यांच्या इनटेक व्हॉल्वला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेला, पेट्रोलची आंघोळ मिळत नाही. तिथं जमलेली काजळी खरोखरच अक्रोडाच्या टरफलानं काढतात. टरफल काजळीला खरवडतं, धातूला नाही. माझी गाडी जुन्या पद्धतीची, व्हॉल्व रोज धुतले जाणारी, त्यामुळे तो खर्च वाचला. ही म्हणाली, ‘‘बरं झालं. माझ्या शिऱ्यात चार अक्रोड पडले तर तुम्ही भाव विचारता.’’

मिस्त्रीनं पाना लावून ठिणगी पाडणारा प्लग काढला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला.

‘‘साहेब, हे काय आहे?’’

‘‘प्लग.’’

‘‘होता.’’

टोकावर मखमलीसारखी कोरडी, काळी काजळी. मग त्यानं प्लगच्या भोकातून बारीक वायरसारखा कॅमेरा आत सोडला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. पिस्टनचा माथा धातूच्या ताटलीसारखा दिसायला हवा. मला दिसली काळी, जाड खरपुडी, मे महिन्यातल्या काळ्या रानासारखी भेगाळलेली. एका कडेला ढेकूळ. बारा वर्षं जिला फुलासारखं जपलं, तिच्या पोटात हे!

‘‘रोज किती चालते?’’

‘‘तीन किलोमीटर. घर ते ऑफिस.’’

‘‘रेस किती देता?’’

‘‘दोन हजारच्या वर कधीच नाही,’’ मी छाती काढून सांगितलं.

‘‘मग बराबर आहे. तुम्ही गाडी चालवून नाही राह्यले साहेब, फिरायला नेऊन राह्यले.’’

त्याचं म्हणणं असं, की थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, ते पुरतं जळत नाही, आणि इंजिन तापायच्या आत मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचलेला असतो. अर्धवट जळालेलं आत साचत जातं. साचलं की आतली जागा कमी होते, दाब वाढतो, काजळी निखाऱ्यासारखी गरम राहते आणि पेट्रोल भलत्या वेळी पेटतं. तेच माझे फुटाणे.

‘‘अहो पण नागपुरात गाडी थंड? मेमध्ये?’’

‘‘प्लगले आपली काजळी आपण जाळाले साडेचारशे डिग्री लागते साहेब. नागपूर देते पंचेचाळीस.’’

म्हणजे मी वितळत होतो आणि गाडी गारठली होती. ही शेजारी उभी होती. काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं अजून माझ्या कानात आहे.

पूर्वी हे काम सरळ होतं. बाबांच्या फियाटचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, दर दोन-तीन वर्षांनी उतरायचं, मिस्त्री अंगणात पोतं अंथरून पितळी ब्रशनं खरवडत बसायचा आणि आम्ही पोरं तोंडं काळी करून घ्यायचो. आता हेड उघडायचं तर गॅस्केटपासून सगळं नवं. म्हणून काजळी सोडवणारं औषध. इंजिन कोमट असताना चारही प्लग काढले, पिस्टन मधल्या उंचीवर आणले, भोकांतून औषध ओतलं आणि रात्रभर भिजत ठेवलं, छोल्यांसारखं. सकाळी जनावरांच्या दवाखान्यातली वाटावी अशा सिरिंजला नळी लावून ते उपसलं. आत गेलं तेव्हा पाण्यासारखं होतं. आलं ते कोळशाचा काढा होऊन.

‘‘थोडं राहिलं तर काय होईल?’’

‘‘हवा दाबल्या जाते, पाणी नाही दाबल्या जात. जास्त राह्यलं त वरतून प्लग लावून स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकते. मग या तुम्ही, बसू निवांत.’’

म्हणून आधी प्लगविना स्टार्टर फिरवला. भोकांवर फडकं टाकलं होतं. त्याला न जुमानता काळं कारंजं उडालं. भिंत, फडकं, पोऱ्या आणि माझा पांढरा शर्ट, चौघांना सारखं मिळालं.

मग प्लग लावून गाडी सुरू केली. आधी खोकली. मग सायलेन्सरमधून असा धूर निघाला की समोरच्या इमारतीत तीन खिडक्या फटाफट मिटल्या, एक उघडली आणि तिच्यातून आलेले शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत. पोऱ्या आनंदानं टाळ्या पिटत ओरडला, ‘‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’’ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचे पुतळे मिरवत गावाबाहेर नेतात, ईडापीडा घेऊन जायला. पोळा अजून काही महिने लांब होता, पण काळी मारबत आमच्या गल्लीतून निघाली होती.

औषध पिस्टनच्या रिंगांतून खाली ऑइलमध्ये झिरपतं, म्हणून ऑइल बदललं. आणि मग मिस्त्रीनं किल्ली माझ्या पसरलेल्या हातावरून नेऊन हिच्या हातात दिली.

‘‘वहिनी, समृद्धीवर घेऊन जा. पाचवा टाकू नका, चौथ्यातच दामटा. उरलेलं निघून जाईल.’’

शिवमडक्याहून आम्ही समृद्धीवर चढलो. काटा चार हजारावर गेला आणि तिथंच राहिला. वेगमर्यादा एकशेवीसची आहे, हे मी दोनदा सांगितलं. ही म्हणाली, ‘‘मग अजून आहे की जागा.’’ आवाज मात्र एकसारखा, फुटाण्यांचा पत्ता नाही. मी वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं.

‘‘अहो, आरशात बघा ना, धूर निघतोय का मागे?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. डोळे मी टोलनाक्यापासूनच मिटलेले होते.