लाटव्हियन 'वेर्सिस' संस्कृतातून गेला नाही हो

कालपासून एक फॉरवर्ड तिसऱ्यांदा आलाय की लाटव्हियामध्ये बैलाला 'वेर्सिस' म्हणतात आणि तो आपला 'वृषभ', म्हणजे आपले व्यापारी बैल घेऊन थेट बाल्टिक समुद्रापर्यंत गेले होते वगैरे. अहो थांबा जरा.

शब्द खरा आहे, नातंही खरंय. तिकडे वृषभ राशीलासुद्धा 'वेर्सिस'च म्हणतात. पण म्हणून तो आपल्याकडून गेला असं होत नाही. संस्कृत आणि लाटव्हियन दोन्ही एकाच जुन्या इंडो-युरोपीय भाषेतून फुटलेल्या, म्हणजे हे आईमुलीचं नातं नाही, लांबच्या बहिणींचं आहे. गायीला ते 'गोव्स' म्हणतात, आपलं 'गो', तीच गोष्ट.

खरी गंमत शब्दाच्या अर्थामध्ये आहे आणि ती फॉरवर्डवाल्याने सोडूनच दिली. शेजारच्या लिथुआनियात हाच शब्द 'वेर्शिस' होतो आणि त्याचा अर्थ चक्क वासरू! लॅटिनमध्ये त्याचा भाऊबंद 'व्हेरेस', तो तर डुक्कर, म्हणजे नर डुक्कर. संस्कृतात 'वृषन्' म्हणजे नर, बैल, कधी घोडासुद्धा. म्हणजे मुळात 'नर जनावर' असा काहीतरी मोकळा अर्थ असावा, मग ज्याने त्याने आपापल्या गोठ्यातल्या जनावराला तो चिकटवला. आता व्यापाऱ्यांनी बैल नेला आणि सीमा ओलांडताना त्याचं वासरू झालं का?

आणि वळूसाठी लाटव्हियनमध्ये 'बुल्लिस' असाही शब्द आहे, तो मात्र खरोखर उसना, जर्मन लोकांकडून घेतलेला.