चित्रकला येत नसेल तर पेन्सिल ठेवून द्यायची?

सांगली-कुपवाडकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे: हाताने रेखाटणं हे कलाकारांचं काम, खरी कल्पना डोक्यातच पूर्ण होते, कागदावर फक्त उतरते, आणि कॅड (संगणकावर आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) आल्यापासून कच्चं रेखाटन म्हणजे वेळ घालवणं. इंजिनिअरिंगची मुलं हे मनावर घेतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

कलाकारांचं काम? लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. काही रंग नीट ओळखता येईनात म्हणून रंगकाम सुटलं, पण ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे शिक्षकही झाले. त्यांनीच १९१० मध्ये कुंडलजवळ किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत वसवली.

कल्पना डोक्यात पूर्ण होते, हा दावा जास्त घातक. तासगावकडची बेदाणा शेड घ्या. जाळ्यांच्या थरांवर द्राक्षं वाळताहेत. वारा खेळायला हवा, अवकाळी पाऊस आत नको. डोकं लगेच सांगतं, वरून पडदा सोडा. आता शेडचा उभा छेद काढा, म्हणजे शेड वरून खाली कापली तर आत जे दिसेल ते चित्र. छपराचं पाखं थोडं पुढे आलेलं दाखवा, पावसाच्या तिरक्या रेघा मारा. वरच्या थरांना पाखं वाचवतं, भिजतात ते खालचे! मग पडदा खालून वर ओढायचा आणि दमट हवा जायला वरची फट मोकळी ठेवायची. हे उत्तर रेघा मारण्याआधी डोक्यात नव्हतं. मासाकी सुवा आणि बार्बरा ट्वर्स्की या संशोधकांनी १९९७ मध्ये वास्तुरचनाकारांबद्दल हेच मांडलं: आपल्याच रेखाटनात त्यांना आधी मनात नसलेले संबंध दिसतात.

मुरलेले वास्तुरचनाकार डोळ्यांवर पट्टी बांधूनही आराखडा रचू शकतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण त्यांच्यामागे कित्येक वर्षांचं रेखाटन असतं. पहिल्या वर्षाच्या मुलाला ते उदाहरण देणं अन्याय आहे.

राहिलं कॅड. लेझर कटिंगला फाइल लागते, नेमकी मापं तिथेच बसतात. त्याला पर्याय नाही. पण काय करायचं हेच ठरलेलं नसताना कॅड लांबी विचारतं, आणि स्क्रीनवरची रेघ इतकी नेटकी दिसते की ती मोडायला हात धजत नाही. कच्च्या कागदावर चार पर्याय शेजारी शेजारी मांडता येतात. शिवाय तो कागद वर्कशॉपमध्ये नेला की फिटर त्यावर आपली रेघ ओढून सांगतो, ‘साहेब, इथं पाना बसणार नाही.’