पूर आला की गावाने काय करायचे?

कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि सांगलीच्या आमच्या कट्ट्यावर जुना वाद पुन्हा सुरू झाला. आमच्यातल्या अभियंता मित्राचे मत ठाम होते : पुराचा अंदाज तज्ज्ञांनी द्यावा, सुटका राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने करावी आणि लोकांनी सूचना पाळाव्यात.

"दल येईपर्यंत पाणी थांबणार आहे का?" अण्णांनी विचारले. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर महामार्गच कोल्हापूरलगतच्या शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, याची आठवण त्यांनी करून दिली. सुरुवातीचे तास गावालाच निभवावे लागतात, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते.

मित्राचा प्रतिवादही वजनदार होता. 2005 साली पाणी जिथवर आले होते, त्यापुढे ते येणार नाही या भरवशावर 2019 मध्ये अनेकांनी घरे सोडली नाहीत. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोका पातळी 45 फूट असताना पाणी त्या वेळी 57 फुटांवर गेले. मग गावाच्या अनुभवावर विसंबायचे कसे?

माझ्या मते, चूक अनुभवाची नव्हती. जुनी खूण हीच शेवटची मर्यादा मानली गेली, ही चूक होती. पुलाजवळ अमुक फूट पाणी झाले की कोणत्या गल्लीत शिरते, कोणता रस्ता आधी बंद होतो, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, ही माहिती गावाकडेच असते. ती कागदावर उतरवून कोयना आणि वारणेच्या विसर्गाशी जोडली, तर तज्ज्ञांचा अंदाज प्रत्येक गल्लीच्या उपयोगी पडेल. नुसते साहित्य देऊनही भागत नाही. 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. बोटीत किती जणांना घ्यायचे आणि बाकीच्यांना काठावर कसे थोपवायचे, याचा सराव उन्हाळ्यातच व्हायला हवा.

सरावाचे मित्राने मान्य केले; स्थलांतराचा निर्णय मात्र प्रशासनाचाच, यावर तो अडून राहिला.

"निर्णय त्यांनी घ्यावा," अण्णा म्हणाले, "पण गोठ्यातली म्हैस आणि तिची वैरण कुठे न्यायची हे आधी ठरले नाही, तर घरातला एक माणूस मागे राहतोच. ती जागा गावानेच ठरवायला हवी."