जॉर्डनची लाल माती आणि मामांचा मेसेज

मागच्या महिन्यात घरच्या ग्रुपवर मामांनी एक मेसेज टाकला. तोच आधी सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवरही येऊन गेला होता. मजकूर थोडक्यात असा: जॉर्डनच्या कोरड्या लाल मातीत जंतू मरतात हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, पहिल्या पावसाचा वास म्हणजे त्याच अँटिबायोटिकचा वास, उन्हात तापलेल्या मातीत वाईट जंतू टिकत नाहीत, म्हणूनच जुनी माणसं जखमेवर माती दाबायची, औषध कंपन्या मात्र हे दडवून ठेवतात. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मातीतले जिवाणू वेगळे काढणं हे आमचं दरवर्षीचं प्रॅक्टिकल. मामांना फोनवर जे बोलले तेच इथे जरा सविस्तर.

जॉर्डनचं संशोधन खरं आहे, हे आधी कबूल करते. तिथे त्वचेच्या संसर्गावर, अगदी बाळांच्या लंगोटाच्या पुरळावरही लाल माती लावल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्यावरचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. मातीच्या नमुन्यांत मुद्दाम स्टॅफिलोकोकस ऑरियस हा त्वचेवर पू करणारा जंतू सोडला, तर तो झपाट्याने मेला. पुढच्या तीन आठवड्यांत मातीतले अँटिबायोटिक बनवणारे जिवाणू वाढत गेले. म्हणजे गुण लाल रंगाचा नव्हता, त्या जिवाणूंचा होता. पण हे सगळं प्रयोगशाळेत झालं. त्या प्रयोगात कुणाच्या जखमेवर माती लावलेली नव्हती.

मेसेजमधून गळलेला भाग तर याहून महत्त्वाचा. त्या मातीतल्या ॲक्टिनोमायसिट नावाच्या गटातल्या जिवाणूंनी बनवलेलं द्रव्य होतं ॲक्टिनोमायसिन. हे घराणं 1940 पासून माहीत आहे. ते जिवाणू मारतं, आणि डीएनएला चिकटून आपल्या पेशीही मारतं. त्यातलंच ॲक्टिनोमायसिन डी लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर केमोथेरपीत देतात, तेही शिरेतून आणि जपून, कारण शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस मरतं. मातीत ते अत्यल्प असणार, मान्य. पण मग त्याचा गुणही तेवढाच धरायला हवा.

वासाचं लवकर उरकते. मृद्गंधात मुख्य वाटा जिओस्मिन या द्रव्याचा. ॲक्टिनोमायसिटांपैकीच स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू ते तयार करतात हे खरं, पण जिओस्मिन अँटिबायोटिक नाही. तलावातले नील-हरित जिवाणूही ते बनवतात, म्हणून कधीकधी नळाच्या पाण्याला मातकट वास येतो. ते पाणी कुणी जखमेवर औषध म्हणून ओतत नाही.

'तापलेल्या मातीत वाईट जंतू टिकत नाहीत' हे वाक्य मात्र धोक्याचं आहे. धनुर्वाताचा जंतू बीजाणू, म्हणजे जाड कवचातलं निद्रिस्त रूप, करून मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो; ऊन आणि कोरडेपणा त्याला सोसतो. आणि ज्या ॲक्टिनोमायसिटांचं एवढं कौतुक चाललंय, त्यांच्याच गोतावळ्यातला ॲक्टिनोमाड्युरा माड्युरी अनवाणी पायात काट्यावाटे शिरला की पाय सुजतो, भोकं पडतात, पुवातून कण बाहेर येतात. मदुराईवरून त्याला मदुरा फूट म्हणतात. हा रोग कोरड्या, काटेरी मुलखांतच जास्त. जुनी माणसं माती दाबायची, खरंय. त्यातली जी धनुर्वाताने गेली त्यांचं नाव मेसेजमध्ये येत नाही, एवढंच.

मग कोरड्या मातीत काहीच नाही का? उलट, शोधायला ती फार चांगली जागा. चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून चाक्सामायसिन नावाची नवी द्रव्यं मिळाली, ती 2011 मध्ये जाहीर झाली. मामांनाही म्हटलं, द्या तुमची माती. आटपाडीकडच्या रानातली मुरमाड माती प्लॅस्टिकच्या पिशवीतून आली. ती ओव्हनमध्ये 100 अंशांवर तासभर ठेवली. नाजूक जिवाणू मरतात, स्ट्रेप्टोमायसिसचे बीजाणू बरेचसे तग धरतात. मग पाण्यात टप्प्याटप्प्याने पातळ करून स्टार्च-केसिन आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या थिजवलेल्या खाद्यावर, पसरली. बुरशी माजू नये म्हणून आगरमध्ये बुरशीनाशक घातलं होतं. दहाव्या दिवशी खडूची पूड सांडल्यासारख्या वसाहती दिसल्या. लूपने, म्हणजे तारेच्या फाशाने, उचलायला गेलं तर रबरासारख्या चिवट, आणि झाकण उघडताच पावसाचा वास. त्यांचे गोल तुकडे कापून स्टॅफिलोकोकसच्या प्लेटवर ठेवले. बहुतेकांभोवती काही नाही. दोघांभोवती मात्र स्वच्छ काचेसारखा झोन आला, म्हणजे तेवढ्या गोलात स्टॅफिलोकोकस वाढलाच नाही. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या प्लेटवर त्या दोघांनीही हात टेकले.

खरं काम इथून पुढे. 16 एस आरआरएनए हे जिवाणूंच्या ओळखीसाठी वापरलं जाणारं जनुक वाचून जात साधारण कळते, पण ती काय बनवते ते कळत नाही. त्यासाठी द्रव्य वेगळं काढून, त्याचं वस्तुमान मोजून आधीच्या हजारो नोंदींशी ताडावं लागतं. बहुतेक वेळा निघतं ते आधीच सापडलेलं असतं. खरंच नवं निघालं, तर पुढे ते माणसाला विषारी नाही ना हा प्रश्न उभाच.

कंपन्या दडवतात म्हणे! न्यू जर्सीतल्या मातीच्या जिवाणूपासून 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, तेव्हा त्याचं श्रेय आणि पैसे यांवरून अल्बर्ट शॅट्झ हा विद्यार्थी आपल्याच गुरूवर, सेलमन वॅक्समनवर, 1950 मध्ये कोर्टात गेला. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं आणि जिवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना पडलं. सापडलेलं मिरवायची हौस सगळ्यांनाच असते. दुखणं वेगळंच आहे: नवं अँटिबायोटिक डॉक्टर राखून वापरतात, म्हणून ते खपत नाही. 2018 मध्ये प्लाझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला अमेरिकेत मंजुरी मिळवणारी अकाओजेन कंपनी 2019 मध्ये दिवाळखोरीत गेली.

झोनचा फोटो मामांना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "म्हणजे माझ्या रानात औषध आहे. परवा बाभळीचा काटा लागलाय, लावू का?"

मी फोनच केला. काटा काढून पाय साबणाने धुतला होता, पण धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते त्यांना आठवेना. संध्याकाळी मामी त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या.