आरोप झाला की खुर्ची गेली? शिकागोत तसं घडलं नाही

महापालिका निवडणुका आल्या की एक मेसेज हमखास फिरतो. अमेरिकेत म्हणे नगरसेवकावर नुसता आरोप झाला तरी दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची जाते, मतदार त्याला दारात उभं करत नाहीत, वर्षभरात तो गजाआड असतो. असलं सगळं आपल्याकडेच खपतं. शिकागोच्या एड बर्क यांचं प्रकरण मी बारकाईने वाचलं आहे. त्यात यातलं जवळजवळ काहीच घडलं नाही.

आधी माणूस कोण ते. वडील वॉर्ड १४चे नगरसेवक. ते वारल्यावर १९६९ साली पंचविशीतला मुलगा निवडून आला आणि २०२३पर्यंत, म्हणजे ५४ वर्षं, तो वॉर्ड त्याचाच राहिला. कित्येक वर्षं अर्थ समितीचं अध्यक्षपद, म्हणजे तिथल्या तिजोरीची किल्लीच. जोडीला लोकांचा मालमत्ता कर कमी करून देणारी स्वतःची वकिली फर्म. पालिकेत ज्याचं काम अडलंय त्याने कराचं काम या फर्मला द्यावं, हा खटल्याचा गाभा. २०१७मध्ये पुलास्की रोडवरच्या एका बर्गर किंगचं नूतनीकरण सुरू होतं. गाड्यांच्या ये-जा करायच्या वाटेच्या परवान्यावरून ते काम अडलं. मालक टेक्सासचे, त्यांची रेस्टॉरंटं अनेक, आणि त्यांच्या कराचं काम बर्कना हवं होतं. वॉर्ड ऑफिसच्या चकरा मारलेल्या कुणालाही यापुढचं सांगायला नको.

आता खुर्चीचं. नोव्हेंबर २०१८मध्ये एफबीआयने छापा घातला, ऑफिसच्या काचांना तपकिरी कागद लागले. जानेवारी २०१९मध्ये आरोप ठेवला गेला. बर्कनी समितीचं अध्यक्षपद सोडलं, नगरसेवकपद नाही. नुसत्या आरोपाने पद जात नाही, तिथेही आणि इथेही.

मतदारांनी तरी हाकललं? त्याच फेब्रुवारीत दोन प्रतिस्पर्ध्यांना हरवून ते पहिल्याच फेरीत निवडून आले, निम्म्याहून जास्त मतं घेऊन. अर्धशतक ज्याच्याकडे गाऱ्हाणी नेली, त्याला सोडणं लोकांना जड जातं. हे मला आवडत नाही, पण ते फक्त आपल्या रक्तात आहे असं म्हणणं खोटं आहे.

वर्षभरात तुरुंग, हेही खोटं. करोनाने खटला लांबला आणि निकाल लागला २१ डिसेंबर २०२३ला: १४पैकी १३ आरोपांत दोषी. जून २०२४मध्ये दोन वर्षांची शिक्षा आणि २० लाख डॉलर दंड. सरकारी पक्षाने दहा वर्षं मागितली होती. तोवर बर्क घरीच होते. मात्र वेगाच्या बाबतीत मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, ते मान्य करायलाच हवं. जळगावच्या घरकुल प्रकरणात, म्हणजे गरिबांसाठीच्या घरांच्या योजनेतल्या घोटाळ्यात, गुन्हा २००६चा आणि विशेष न्यायालयाचा निकाल २०१९चा. पण त्याच प्रकरणात माजी मंत्री सुरेश जैन निकालाच्या आधीच चार वर्षांहून जास्त काळ कोठडीत होते. म्हणजे निकालाआधीच गजाआड कोण गेलं, याचं उत्तर मेसेजच्या उलट आहे.

"आपल्याकडेच" यावर फार लिहीत नाही. शिकागोच्या सभागृहात ५० नगरसेवक असतात आणि १९७०च्या दशकापासून तिथले ३०हून अधिक नगरसेवक दोषी ठरले आहेत.

मग बर्क सापडले कसे? डॅनी सोलिस हे दुसरे नगरसेवक स्वतः तपासात अडकले आणि एफबीआयसाठी गुपचूप रेकॉर्डिंग करू लागले. जुन्या पोस्ट ऑफिसच्या इमारतीच्या मालकांचं कराचं काम मिळालं का, हे बर्क सोलिसना फोनवर विचारतात, "ट्यूना गळाला लागला का?" तो आवाज ज्युरीने कोर्टात ऐकला. आणि हा तपास करणारी यंत्रणा केंद्राची होती, शिकागोच्या महापौरांच्या हाताखालची नव्हती. आपला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग राज्याच्या गृहखात्याखाली येतो. तुलना करायचीच असेल तर ती इथे करा.