फक्त इंजिन-बॅटरी नव्हे, पाण्याचा तोलही

अमेरिकी नौदलाच्या 'हॉलंड' या पाणबुडीवरच्या लेखात तिच्या यशाचं सगळं श्रेय पेट्रोल इंजिन आणि बॅटरीच्या जोडीला दिलंय. ते अर्धंच खरं. सुमारे ५४ फुटांच्या नळकांड्यात खरा प्रश्न तोलाचा होता. बुडण्यासाठी पाणी आत घ्यायची टाकी अर्धवट भरली की पाणी पुढे-मागे हिंदकळतं, नाक खाली गेलं की सगळं पाणी तिकडेच धावतं आणि बोट आणखी कलते. म्हणून तिचा रचनाकार जॉन हॉलंडनं बुडताना मुख्य टाक्या काठोकाठ भरायच्या ठेवल्या. तरंगण्याची किंचित शक्ती शिल्लक राखायची आणि शेपटाकडच्या आडव्या सुकाणूंनी बोट खाली न्यायची. मोटर बंद पडली तर बोट आपोआप वर येते! टॉर्पेडो सुटला की नाक हलकं होतं, तेवढ्याच वजनाचं पाणी लगेच आत घ्यावं लागतं.

नौदलानं आधी मागवलेली 'प्लंजर' ही पाणबुडी वाफेवर चालायची. बुडताना भट्टी विझवली तरी बॉयलरची धग आतच कोंडायची, त्यामुळे माणसांना तिथे काम करणं अशक्य होई.

बॅटरीबद्दल लेखात सावधगिरीचा शब्दही नाही. १९१५ साली होनोलुलूजवळ अमेरिकी पाणबुडी 'एफ-४' बुडून २१ जण गेले. बॅटरीतल्या आम्लानं पत्रे जोडणारे रिव्हेट खाल्ले होते, हे बोट वर काढल्यावर दिसलं.