लिव्हर कॅन्सर आणि 'जीन टेस्ट'वाला फॉरवर्ड: थोडा खुलासा

ग्रुपवर फिरतंय की रक्ताची एक जीन टेस्ट केली की लिव्हर कॅन्सरचा पेशंट किती वर्षं जगणार ते कळतं. असं काही नाहीये हो. मूळ गोष्ट खरी आहे पण तिचं पार भजं केलंय. २००८ साली होशिदा नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या लिव्हरचे मेणाच्या ठोकळ्यात जपलेले तुकडे तपासले, काही तर वीसेक वर्षं जुने, आणि त्यात कुठले जीन जास्त चालू, कुठले थंड ते मोजलं. म्हणजे रक्त नाही, टिश्यू. गंमत म्हणजे कॅन्सरच्या गाठीतल्या जीन्सवरून पेशंटच्या आयुष्याचा काहीच पत्ता लागेना, लागला तो गाठीशेजारच्या लिव्हरमधल्या १८६ जीन्सवरून, कारण सिरॉसिसने (लिव्हर घट्ट, व्रणांनी भरलेलं होण्याचा आजार) खराब झालेल्या लिव्हरमध्ये पुढे नवीन गाठ उगवू शकते.

आणि त्यातून कळतं काय तर हा गट जास्त धोक्याचा, तो कमी. तुमच्या काकांची तारीख नाही कळत. डॉक्टर आजही गाठींची संख्या-आकार, लिव्हर किती काम करतंय, पेशंट किती हिंडता-फिरता आहे हेच आधी बघतात, त्यामुळे फॉरवर्ड वाचून कुठल्या लॅबला पैसे भरू नका, आधी ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरला विचारा.